पंखा

एस्तेरचा फोन यायचा सकाळी साडेसहाला.
तिकडं रात्रीचा एक, वॉर्ड झोपलेला.
इकडं जालन्यात आठ दिवसांनी नळ आलेला,
माझ्या एका हातात पाइप, दुसऱ्या हातात बहीण.

आयर्लंडला गेली तेव्हा आम्हाला वाटलं
तिथं सगळे इंग्रजीच बोलत असणार.
बोलतातही.
पण चार नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीची इंग्रजी
नव्वदीनंतर निसटत गेली,
वाळल्या मनगटातून बांगडी निसटावी तशी.
उरली फक्त लहानपणी चुलीपुढं ऐकलेली भाषा.

म्हातारीचं नाव ब्रीद.
मी म्हणालो, ब्रीद म्हणजे तर वचन.
सांगते तिला, म्हणाली एस्तेर.
कशात सांगणार होती कोण जाणे.

मग तिनं मोबाइल काढला.
इकडून मराठी टाकायची, तिकडून आयरिश पडायची,
पिठाच्या गिरणीसारखं.
पण गिरणीत आपल्या आधी कुणाचं तरी दळलेलं असतं,
आपल्या पिठात ते येतंच मूठभर.
इथं ती मूठभर इंग्रजी.

एका रात्री ब्रीदला धाप लागली.
एस्तेरला मायचंच वाक्य आठवलं:
दम धर माय, मी हितंच हाय.
टाकलं तसंच्या तसं.
मोबाइल गोड आवाजात म्हातारीला म्हणाला,
आई, श्वास रोखून धर.

धाप लागलेल्या बाईला!
म्हातारीनं डोळे मोठे केले आणि हसली,
हसता हसता खोकली,
खोकल्यात अडकलेला सगळा कफ सुटला.
डॉक्टरांच्या कागदावर हे औषध कुठं लिहिलेलं नाही.

मला रोज नवं काहीतरी कळायचं.
त्या भाषेत म्हणे माणूस दुःखी नसतो,
दुःख त्याच्यावर असतं.
आणि "हो"ला शब्दच नाही,
जेवलीस का विचारलं तर म्हणायचं, जेवले.
मी म्हणालो, मग आपलं तरी काय वेगळं?
राग आपण कुठं आणतो, येतो की तो आपसूक.
भूक लागते, थंडी वाजते, रडू कोसळतं.
दोघी एकमेकींच्या मावशा लागत असतील,
मधे बसलेलीनं कधी भेटूच दिलं नाही.

मग जानेवारी.
ब्रीद सारखी म्हणायला लागली, फॅन. फॅन.
बाहेर बर्फाळ पाऊस, काचा धुकटलेल्या,
एस्तेरनं स्टोअरमधून टेबलफॅन शोधून आणला,
धूळ पुसली, तोंडासमोर लावला.
म्हातारीनं हात हलवला. फॅन.
एस्तेरनं एक नंबर वाढवला.
मोबाइल तिच्या ओठांपाशी धरला,
मोबाइल म्हणाला, पंखा.
सात नंबरची बेल वाजली, एस्तेर तिकडं गेली.

परत आली तेव्हा पांघरूण हलत होतं.
क्षणभर फसली ती.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला, साठीचा, चिखलाच्या बुटांचा.
तिनं विचारलं त्याला, काऊन मागायली होती पंखा?
म्हणजे तिनं इंग्रजीत विचारलं असेल,
मला सांगताना तिच्या तोंडात जालना आला.
तो आधी टोपीच फिरवत बसला हातात.
मग म्हणाला, आमच्यात फॅन म्हणजे
थांब.
जाऊ नको.

मेमध्ये एस्तेर आली, पंधरा दिवस राहिली.
निघताना स्टेशनवर माय काही बोलेना,
मोसंबीची पिशवी या हातातून त्या हातात.
मी मोबाइलमध्ये मायच्या वतीनं टाकलं, थांब.
त्यानं भलताच शब्द दिला.
एस्तेरनं वाकून बघितलं,
"अरे, हे तर तिथं बसथांब्यावर लिहिलेलं असतं."

तिच्या नर्सिंगच्या वहीत शेवटच्या पानावर
तो एक शब्द आहे, कानानं ऐकला तसा, देवनागरीत.
इंग्रजीत लिहिला, म्हणते ती,
की फिरायला लागतो.