गाठ

सकाळी दहाला मी त्याला एम्बर्ग कुरणावर सोडते.
नळ्या जोडून होतात, कापड ताणलं जातं,
फासळ्या एकेक करून पंखात सरकतात,
मग कोर्बिनियान त्या पंखाखाली स्वतःला अडकवून
लोंबकळतो, आणि मी वरचा आकडा तपासते.
"आहे?"
"आहे."
घटस्फोटाला तेरा वर्षं झाली. हे मात्र
अजून तो मलाच विचारतो.

चार पावलं धावतो. पाचवं जमिनीला लागत नाही.

तिथून पुढे माझं काम:
द्राव नदीच्या काठाकाठानं पश्चिमेला,
जुनी डिझेल व्हॅन, छपरावर रिकामा सांगाडा,
शेजारच्या सीटवर दुर्बीण, थर्मास, मीठ लावलेली काकडी.
रेडिओत त्याचं यंत्र ऐकू येतं,
वर चढताना चिमणी,
खाली येताना म्हातारं कुत्रं.

लोक त्याला विचारतात, वरून डोंगर कसे दिसतात?
म्हणतो, दिसत नाहीत. गरम असतात किंवा गार.
या कड्याला अकरापासून ऊन आहे, तो पलीकडचा अजून झोपलाय,
वाळल्या गवताच्या उतारावरून हवा आता सुटली असेल,
आणि ढगाचं बूड काळं पडलं
तर देवाचं नाव नंतर, आधी वेग.

लिएन्झच्या पुढे दरी आवळत जाते.
रेडिओ मरतो. दरवेळी इथेच.
कड्यामागे गेला असेल, मी म्हणते.
कड्यामागे वारा उलटा लोळतो, हे म्हणत नाही.
सत्त्याऐंशी साली त्या लोळणीत मीही होते,
मनगटात अजून स्क्रू आहे.
दक्षिणेचा फ्योन वारा सुटायच्या आदल्या रात्री ठणकतो.
काल ठणकला नव्हता.
तेवढ्या भरवशावर गाडी हाकते.

सिलियानला डिझेल. पंपावरचा मुलगा
मीटरकडे बघतो. मी दोन्हीकडे.

सीमा ओलांडली तरी कुणी काही विचारत नाही.
टोब्लाखच्या सपाटीवर पाण्याला ठरवावं लागतं:
अलीकडे पडलं तर काळा समुद्र,
पलीकडे पडलं तर एड्रियाटिक.
धड उंचवटासुद्धा नाही, एवढंसं कुरण.
वकिलाच्या खोलीतलं टेबल याहून रुंद होतं.

आणि तिथेच समोरच्या काचेवरून
एक सावली सरकली. पाखराची नव्हे,
फार मोठी, फार सरळ.
तिला कडा होत्या, म्हणजे तो बराच खाली होता.
मी हॉर्न वाजवला,
वर ऐकू जात नाही हे माहीत असून.

ब्रुनेकच्या अलीकडे एका शेतात
कापलेलं गवत अर्धं, न कापलेलं अर्धं.
तो न कापलेल्यात उतरला होता.
दंताळं घेऊन फिलोमेना नावाची बाई उभी.
आधी वीस युरो मागितले,
मग विचारलं, आलात कुठून?
त्यानं पूर्वेकडे बोट केलं. ग्राइफेनबुर्ग.
ती गप्प झाली. म्हणाली,
"माझी धाकटी बहीण तिकडेच दिलीय.
ईस्टरपासून भेट नाही. बसनं दिवस मोडतो."
कौलं दिसतात का वरून, तिनं विचारलं.
लाल कौलं, शेजारी जर्दाळूचं झाड.
तो म्हणाला, दिसली.
(खोटं. त्याला वरून फक्त गरम आणि गार दिसतं.)
वीस युरो तिनं घेतलेच. वर किटलीभर ताक दिलं.

मग पंख मिटला, फासळ्या निघाल्या.
छपरावर चढवून मी दोऱ्या ओढल्या.
गाठी मीच मारते. त्याच्या सुटतात,
हे त्यालाही मान्य आहे,
कोर्टातही मान्य केलं होतं.

परतताना तो बोलत सुटला: एक गिधाड,
तीन हजार मीटर, बोटं कशी बधिर झाली,
एकदा वाटलं, संपलं.
टोब्लाख यायच्या आत झोपला.
तोंड उघडं, हनुवटीवर पट्ट्याचा वळ.
खिडकी मी जराशी खाली केली.
गवताचा वास आला. नदी आता
आमच्याच दिशेनं निघाली होती.
सिलियानपाशी मनगट ठणकू लागलं.
उद्या नाही, मी म्हटलं.
तो ऐकत नव्हता.