शुक्रवारचा अंदाज

मुंबईहून फोन आला तेव्हा चोरडियाशेठ
शेंगा सोलत होते. विचारलं, केवढा आहे?
पावणेतीन तास.
आणि घोडे?
पलीकडचा हसला. असतील हजारभर.
मग त्यानं खर्च सांगितला, डॉलरमध्ये.
शेठनी तो मनातल्या मनात
द्राक्षांच्या पेट्यांत मोजला
आणि हातातली शेंग तशीच राहिली.

रात्री आम्ही बसलो. शेठ, मी, भालेराव ऑपरेटर.
चालेल की नाही.
मी वही काढली, एकोणतीस वर्षांचे पहिले आठवडे
माझ्याच अक्षरात.
टोपीवाल्या गोऱ्यांचे चार पिक्चर लावले आपण.
दोन पडले. एक तरला, डब होता म्हणून.
एक चालला पोस्टरवरच्या बाईवर,
जी पिक्चरमध्ये नव्हतीच.

बारावीची परीक्षा तोंडावर, मी म्हटलं.
त्याच शुक्रवारी समोर मराठी विनोदी येतोय.
कॉलेज रोडची पोरं मॉलमध्ये जाणार,
तिथं खुर्ची मागे झुकते.
आपल्याकडे उरतात ते
ज्यांना पंखा पुरतो.

भालेराव इतका वेळ गप्प होता.
म्हणाला, संगीत ऐकलंत का त्याचं?

रिकाम्या हॉलमध्ये त्यानं ट्रेलर लावला.
आधी काहीच नाही. वारा.
लाकडी फाटक कुरकुरलं.
मग कुणी तरी शीळ घातली,
लांब, जराशी उतरलेली,
गंगेवरून ओले कपडे खांद्यावर टाकून
एकटाच घरी निघालेला माणूस घालतो तशी.
त्यामागून माउथऑर्गन,
आणि मग शे-दीडशे व्हायोलिनं एकदम उठली.
डावा स्पीकर गणपतीपासून फाटलेला,
त्याची खरखरसुद्धा
त्या वाळवंटातली धूळ होऊन गेली.

शेठ अंधारातच म्हणाले,
घ्या. एक आठवडा. पर्सेंटेजवर.

शुक्रवार, पहिला खेळ: अठरा तिकिटं.
त्यातलं एक गुलाबखानचं, पहिली रांग.
शालिमारवर टांगा होता त्याचा,
टांगा गेला, घोडी राहिली,
आता तिच्यावर नवरदेव बसतात.
तो पिक्चरला नाही, घोड्यांना आला होता.
मध्यंतरात चहाच्या टपरीवर मला म्हणाला,
टाप खोटी आहे साहेब.
खडकावर तीच, रेतीत तीच?
कुणी तरी टेबलावर ठोकलीय बसून.
आणि शीळ?
त्यानं बशीतला चहा संपवला.
शीळ खरी आहे.

शनिवारी एकतीस. रविवारी, चक्क, साठ.
सोमवारी चार, त्यातला एक झोपलेला.
मंगळवारी भालेरावनं शेवटचा खेळ
पूर्ण आवाजात चालवला, कुणासाठी ते मी विचारलं नाही.
वहीत लिहिलं: पडला.
संगीताला वहीत रकाना नाही.
मी एकदा समासात काही तरी लिहिलं होतं,
मग खोडलं. ऑडिट असतं.

वैशाखात भद्रकालीहून वरात निघाली.
गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे
दिव्यांच्या गाडीचा जनरेटर बंद पडला,
अख्खी मिरवणूक अंधारात, ताशा थांबलेला,
पोरं नाचता नाचता लटकल्यासारखी.
आणि बँडमधल्या पुंडलिक खैरनारनं,
जो रविवारच्या साठांत होता, बाल्कनीत,
लग्नाचा लाल कोट घालूनच आलेला,
क्लॅरिनेट तोंडाला लावून
ती शीळ वाजवली.

कुणाला कळेना यावर नाचायचं कसं.
नवरदेवानं नुसताच फेटा सावरला.
एक मावशी म्हणाल्या, हे काय रडगाणं लावलंय शुभकार्यात.
मोतियानं मात्र कान फिरवले,
पुढचा उजवा पाय उचलला,
थोडा वेळ उचललेलाच ठेवला,
आणि डांबरावर टेकवला.

गुलाबखान लगाम धरून उभा होता.
गर्दीत मला शोधून म्हणाला,
हां. अशी.

तेवढ्यात जनरेटर सुरू झाला.