झाकण उघडण्याआधी

आइस्क्रीमच्या दुकानातून उतरवलेला हा फ्रीझर
नावेत बसवला, तेव्हा झाकणावरचा आंबा
अजून अर्धा दिसत होता.
आता तिथे खवले चिकटलेत.

पहिल्याच आठवड्यात कळलं
की याच्या पोटात एक ऋतू नाही.
इंजिनाकडच्या कोपऱ्यात रोहू दगड होतो,
वाजवला तर ठणठण.
बिजागरीखाली झिंगे
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारखे, ओलसर.
मधे कुठेतरी मरळ, ना मेली ना गोठली,
डोळा उघडा ठेवून
आमचा हिशेब ऐकते.

पवनीचा मिस्त्री शालिक नाकाडे
पाण्याकडे न बघता नावेत चढला.
म्हणाला, थर्मोस्टॅट एकाच कोपऱ्यात बसते, बाई.
आपल्यापुरतं गार झालं
का सगळं गार झालं म्हणून मोकळं होते.
आमच्याकडे असा एक ग्रामसेवक होता,
पण मी बोलले नाही.

त्याने झाकणाच्या रबरात कागद धरून ओढला.
तीन बाजूंनी अडला.
चौथीने सुळकन सोडून दिला.
तिथूनच जात होतं आमचं डिझेल,
धुकं होऊन, धरणावर.

आता त्या बाजूला सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे.
भिंतीवरचं बर्फ बोटभर झालं की काढायचं,
कोमट फडक्यानं, सुरीनं नाही.
सुरीनं एकदा चैतरामनं नळी फोडली,
ते बावीसशे रुपये सोसायटीच्या वहीत
'किरकोळ' म्हणून आहेत.
तळाशी बांबूच्या कामट्या.
मासळी भिंतीला टेकवायची नाही,
दोन थरांत दोन बोटं वाट सोडायची,
थंडीलाही चालायला जागा लागते.
पंचायतीच्या मेलेल्या कॉम्प्युटरातला पंखा
बॅटरीला जोडला,
तो रात्रभर
सुपात तांदूळ पाखडल्यासारखा वाजतो.

भागरताबाई हे बघून हसली.
ती नदी होती तेव्हापासून या पाण्यात उतरते.
म्हणाली, पाण्यालेही तसंच हाये ना वं.
छातीपर्यंत ऊन, मांडीले गार,
अन् बुडी मारून खाली गेलं,
जिथं आपली शाळा होती,
तिथं अशी थंडी का पायच म्हणते, वर चाल.
त्याले कोण पंखा लावते?

चैतराम त्या शाळेत चौथीपर्यंत होता.
तो इंजिनाची दोरी गुंडाळत राहिला,
गुंडाळून झाल्यावरही.

काल मी तीन थर्मामीटर दोऱ्यानं आत सोडले,
रात्री दोनदा उठून टॉर्चनं वाचले.
उणे सोळा. उणे पंधरा.
बिजागरीखाली उणे अकरा.
म्हणजे पाचाचा फरक अजून आहे.
मागच्या महिन्यात तेराचा होता.
लिहून ठेवला, तारखेसकट,
नागपूरचा व्यापारी विचारतो म्हणून
आणि कुणी नाही विचारलं तरी.
त्या कोपऱ्यात आता झिंगे ठेवत नाही.
मिठाच्या पाण्याच्या बाटल्या ठेवते,
काठावरच्या डीपफ्रीझरात गोठवून आणलेल्या,
लाइट गेली की त्याच खांदा देतात.

शेवटचा नियम मी दारावर नाही, झाकणावर लिहिला,
उरलेल्या आंब्याच्या बाजूला, खडूनं:
उघडण्याआधी काय काढायचं ते ठरवा.

चैतराम ते वाचतो, मान हलवतो,
झाकण उघडतो,
आणि आत बघत उभा राहतो.