मधला सोमवार

पुंता आरेनासला माझ्या काउंटरवर ओतिलिया मान्सिया
हातमोजे न काढताच विचारते, किती लांब?
मी सांगते: इथून सान्तियागो साडेतीन तास,
तिथून ऑकलंड नऊ हजार सहाशे किलोमीटर, वर थोडे,
म्हणजे तेरा तास, वारा समोरून असला तर.
ती म्हणते, आकडे नकोत गं. लांबी सांग.

भिंतीवरच्या नकाशात आम्ही एका कडेला,
न्यूझीलंड दुसऱ्या,
मध्ये अख्खे जग आडवे पडलेले.
मी टेबलावरचा पृथ्वीगोल तिच्यापुढे सरकवते.
ती पिशवीतून करड्या लोकरीचा धागा काढते
(चाळीस वर्षे लोकर निवडली,
ताण कुठे सोडायचा ते बोटांना ठाऊक),
एक टोक अंगठ्याखाली दाबते, दुसरे ओढते.
धागा सरळ जायला तयार नाही,
खाली घसरतो, बर्फाच्या अंगाने,
जिथे छापणाऱ्यालाही एक नाव सापडले नाही.

एवढाच?
हा तर मोज्याच्या टाचेलाही पुरायचा नाही.

सेलेदोनियो, धाकटा भाऊ,
मेंढ्या भादरणाऱ्या टोळीबरोबर गेला होता, एका हंगामापुरता.
हंगाम एकतीस वर्षे चालला.
काल ते कुइटीहून फोन आला:
दफन सोमवारी, सकाळी अकराला.

मी पडद्यावर बघते. पुन्हा बघते.
रविवारी रात्री साडेअकराला सुटणारे विमान
मंगळवारी पहाटे उतरते.
आणि सोमवार?
सोमवार नाही, बाई.
समुद्रावर एक रेघ आहे, तिथे तो गळतो.

तिने नोटा मोजल्या. परत मोजल्या.
काढ तिकीट, म्हणाली,
आणि त्यांचे अकरा म्हणजे आपले किती, ते लिहून दे.
मी पाकिटावर लिहिले:
सान्तियागो, रविवार, संध्याकाळी सात.

सात वाजता ती तपासणीच्या रांगेत होती.
बूट ट्रेमध्ये,
कोट ट्रेमध्ये,
नुसत्या मोज्यांवर गार फरशीवर.
गणवेशातला पोरगा म्हणाला, चला आजी, पुढे.
ती हलली नाही.
मागच्यांनी घड्याळे पाहिली,
तिनेही पाहिले.
मग कमानीतून गेली. काही वाजले नाही.

परतीला सगळे उलटे.
गुरुवारी संध्याकाळी ऑकलंडहून निघाली
आणि त्याच गुरुवारी, भर दुपारी,
सान्तियागोत उतरली,
निघण्याच्या आधीच पोचलेली.

शनिवारी आली काउंटरवर, बर्फ झटकत.
हिशेब पक्का करायचा होता तिला:
तो दुसरा गुरुवार माझाच ना?
कुणाला परत द्यावा लागत नाही?
नाही, म्हटले. तुमचाच.
काय केलेत त्याचे?

इकडच्या विमानाला वेळ होता, ती म्हणाली.
खिडकीशी बाक मिळाला.
बूट काढून बसले.