खुंट

त्सांगचौच्या कालव्याकाठी, बंद सूतगिरणीच्या मागे
शा मास्तर पहाटे साडेपाचला येतात.
फाटकाला हात लावला तर कातडी चिकटेल
अशी थंडी.
त्यांनी मला शिकवलं ते एवढंच :
पाय खांद्यांइतके लांब, गुडघे किंचित सैल,
हात असे, जणू कुणाचं झोपलेलं मूल घेतलंय.
आता उभी राहा. खुंटासारखी.

किती वेळ?

बोलले नाहीत.
तेहतीस वर्षं बॉयलरपाशी काढलेला माणूस,
नजर दाबाच्या काट्यावर, घड्याळाकडे नाही.

मला हवी होती लाथ.
हवा होता तो ठोसा
ज्याने मालकाचा भाऊ, बाय शुयेन,
थेट भिंतीला जाऊन बसेल.
नूडलची कणीक ओढून ओढून
माझे दंड तयारच होते.
पहिला महिनाभर मी उभी राहिले
आणि मनातल्या मनात त्याला रोज बडवला,
एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून,
एकदा तर कढईने.

मास्तर मागून येत,
दोन बोटांनी माझा खांदा दाबत,
"इथे कुणीतरी भांडतंय," म्हणत
आणि पुढे जात.

दुसऱ्या महिन्यात मांड्या पेटल्या.
तिसऱ्यात नाकाचा शेंडा खाजायचा, तेवढंच जग.
मग एका पहाटे
कालव्यावरचा बर्फ आतल्या आत कडकन तडकला
आणि माझ्या लक्षात आलं,
बराच वेळ मी कुणालाच मारलं नव्हतं.

त्या दिवशी मास्तरांनी थर्मासमधला चहा दिला.
पेल्यावरचं झाकण वाजत होतं,
टक टक टक टक.
मी पाहिलं. मी पाहतेय हे त्यांनी पाहिलं.
"दोन वर्षं झाली," म्हणाले, "वाढतंय."
पेला ओट्यावर ठेवून
ते उभे राहिले.

मी वाट बघत होते, हात आता थांबतील.
थांबले नाहीत.
मुठीत चिमणी धरावी तशी बोटं फडफडत राहिली.
पण त्यांच्या मागे,
मानेत, कमरेत, टाचांत,
सगळी वाफ कोंडलेली
आणि काटा जागच्या जागी.
मूल झोपूनच होतं.

बाय शुयेन अजून तसाच आहे.
काल गल्ल्याशी उभा राहून पुन्हा तेच बोलला.
मी हातांवरचं पीठ झटकलं, वळले,
त्याच्याकडे पाहिलं.
पुढे सांगण्याजोगं काही घडलं नाही.
तो बाहेर विडी ओढायला गेला.
मी कणीक ओढली,
दोनाचे चार, चाराचे आठ,
एकही धागा तुटला नाही.