धुलाईची वही

पन्नास वर्षं झाली म्हणून
नादी अल-सारीची स्मरणिका निघणार आहे.
एक पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र,
म्हणाला, बरशू, राखीव संघाचं काही आहे का?
फोटो, चषक, कात्रणं?

मी परशुराम तांडेल. प त्यांच्या तोंडात बसत नाही,
म्हणून चाळीस वर्षं बरशू.

चषक नाही.
फोटो एक होता, त्यावर कुणीतरी इस्त्री ठेवली.
वही आहे. लाल पुठ्ठ्याची, माझ्या अक्षरातली:
किती शर्ट गेले, किती आले, डाग कसला.
पोराला देवनागरी येत नाही.
मी वाचत गेलो.

१९८४, मुहर्रक. मैदान म्हणजे वाळू.
टँकरने खारं पाणी मारायचं, मग चुन्याच्या रेघा.
पहिल्या संघाचे जुने शर्ट आमच्याकडे उतरायचे,
पाठीवरचे आकडे उसवून नवे शिवलेले,
नऊच्या आतून सात डोकावायचा.
शर्ट सोळा. डाग: मीठ.

दुऐज विमानतळावर सामान चढवायचा.
मक्की अग्निशमन दलात.
खेळ रंगात आला की तिकडे भोंगा वाजायचा
आणि आमचा लेफ्ट बॅक बुटांसकट
शिडीच्या गाडीवर चढून दिसेनासा व्हायचा.
दहाजण खेळलो. एकदा जिंकलोसुद्धा.

सामना दुपारी तीनला, मोठ्यांच्या आधी.
बघायला कोण, तर संध्याकाळची जागा धरायला आलेले,
आमच्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसलेले.

१९९१, उन्हाळा. उत्तरेकडून तेलाचा धूर.
पांढरे शर्ट दोरीवर टाकले की काजळी धरायचे.
तीनदा धुतले.
वहीत एवढंच आहे: निघत नाही.

पुढे मुबारक. एकोणिसाव्या वर्षी वर गेला,
पहिल्या संघात, मग वर्तमानपत्रात.
तुमच्या स्मरणिकेत त्याची चार पानं असतील.
माझ्याकडे एक ओळ:
दहा नंबर परत केला नाही. माफ.

पोरगा फोनमध्ये बोलणं भरून घेत होता. थांबला.
गोल किती झाले ते नाही का लिहिलं?
नाही बाबा.
गोलाचा डाग पडत नाही.

आमच्याकडे राखीव म्हणजे राखून ठेवलेलं.
लोणच्याची एक बरणी राखतात, मागच्या फळीवर.
कोण येणार म्हणून राखली
ते राखणारीलाच ठाऊक,
आणि कधी कधी तीही विसरते.

हिलाल. दुसरा गोलकीपर.
राखीव संघातलाही राखीव.
अकरा हंगाम, नंबर एकवीस.
बाकावरून उठायचा तो बाटल्या द्यायला
नाहीतर आत गेलेला बॉल मागच्या खजुरीतून आणायला.
शर्ट कोरा जायचा, कोरा यायचा,
घडीसुद्धा मोडलेली नसायची नीट.
धुवायचं काही कारण नव्हतं.
तरी दर खेपेला तो मी त्याच बादलीत टाकला,
बाकीच्यांच्या मातीत थोडा वेळ राहू दिला,
मग पिळला.
डागाच्या रकान्यात त्याच्यापुढे कधी रेघ मारली नाही.
लिहायचो: घाम.
तो बसून राहण्याचाही येतो.

पोरगा म्हणाला, खूप झालं, धन्यवाद,
दोन ओळी देता येतील.
दे म्हटलं.
वही मागत होता, स्कॅन करतो म्हणाला.
म्हटलं, मागची चार पानं अजून कोरी आहेत.

तो गेल्यावर चहा ठेवला.
शेवटचं भरलेलं पान मी त्याला वाचून दाखवलं नव्हतं.

२००९, मे. संघ बंद. उद्यापासून अकादमी,
नवे शर्ट, नवं मशीन, नवा माणूस.
शेवटच्या दुपारी सगळे शर्ट वाटले, सगळे गोळा केले.
हिलाल सगळ्यांच्या आधी निघाला,
गरमीत जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून.
मला सलाम केला. मी केला.

एकोणीस गेले. अठरा आले.
खाली माझी सही,
आणि शेरा: हिशेब बरोबर.