कोटेशन

धायरी फाट्यावरून आत, पत्र्याच्या शेडमध्ये
करड्यांनी आमच्यासाठी दोन खुर्च्या पुसल्या.
मागे घोड्याचा एक पाय उभा होता, एकटाच,
कुठल्याशा नगरपालिकेचं बिल अडलेलं.
"तुमच्या संतांना घोडा लागेल?"
फादर हसले. "नाही. कुत्रा."

आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात चेपलेलं चित्र
मी पाकिटातून काढलं:
संत रॉक, प्लेगच्या गावांतून फिरलेला,
झगा वर धरून मांडी दाखवणारा,
पायाशी कुत्रा, तोंडात भाकरी.
"पाव आहे तो," डिमेलो म्हणाले.
मार्थाबाई संगमनेरच्या. "भाकरीच की."
करड्यांनी वहीत लिहिलं: गोल. नंतर ठरवू.

उंची साडेपाच फूट. तांबं नव्वद, कथील दहा.
आम्ही गोणी भरून आणली होती,
स्टोव्हच्या टाक्या, कड्या, पाणी तापवायचा बंब,
शेजारच्या वैशंपायनांनी दिलेली एक वाकडी समई.
"पितळ चालत नाही यात. जस्त असतं, धूर होतो."
गोणी उचलताना फार आवाज झाला.
तेव्हा तेच म्हणाले, राहू द्या,
चौथऱ्याच्या पट्टीला बघतो.

मी खजिनदार.
खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं धातू मोजला,
तो फुटण्यासाठी होता.

दुसऱ्या खेपेला मेणाची मूर्ती तयार.
मार्च, पत्रा तापलेला,
संत कपाळावर थोडे घामेजलेले.
मांडी मात्र गुळगुळीत.
"जखम केवढी ठेवू?"
फादर म्हणाले, बेतानं. लहान मुलं येतात.
डिमेलो म्हणाले, फाटकातून दिसली पाहिजे.
मला कोणी विचारलं नाही.
खजिनदाराला रक्कम विचारतात.

त्या वर्षी ससूनच्या जिन्यात
एका पिशवीत मला सबीनाचा चष्मा मिळाला,
दोन बांगड्या, चार्जर.
कापड वर करायला मनाई होती.
लांबून सही केली.
हा माणूस स्वतःच्या हातानं झगा वर धरतो
आणि सहाशे वर्षं तसाच उभा राहतो.

करड्यांनी माझ्याकडे का पाहिलं, माहीत नाही.
"तुम्ही दाबा," म्हणाले. "अंगठा."
कोमट होतं.
नखापर्यंत आत गेला,
काढताना मेणानं जरा धरून ठेवला.
फादर काही बोलले नाहीत.

काल फोन आला. मेण वितळून गेलंय,
साचा आतून रिकामा आहे, शुक्रवारी ओततो,
उरलेले पन्नास टक्के आणा.
म्हटलं, शुक्रवारी नको, गुड फ्रायडे.
"भट्टी लावून झालीय, काका. आता थांबत नाही."
मग जरा थांबून, "तुम्ही रविवारी या. गार झालं की फोडू."

आणि ते भाकरीचं?
मी म्हटलं, अर्धी मोडलेली दाखवा.
म्हणजे कोणी भांडणार नाही.
निदान फाटकातून तरी.